न घेतलेल्या कर्जाची थकबाकी 'सिबिल'वर आली, तर काय करावे?

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सांगोला तालुक्यातील एका डाळिंब बागायतदाराचा फोन आला. आंबे बहार धरायचा होता, त्यामुळे बागेला ताण किती दिवस द्यायचा हे विचारायचे असेल, असे मला वाटले. विषय वेगळाच निघाला. तीन एकरांवरील ठिबकच्या जुन्या नळ्या बदलण्यासाठी त्यांनी बँकेत कर्जाचा अर्ज केला होता आणि बँकेने तो परत केला. कारण काय, तर त्यांच्या नावावर ट्रॅक्टर कर्जाचे ३८,४०० रुपये थकीत आहेत. "साहेब, मी ट्रॅक्टर घेतलाच नाही. माझ्या दावणीला अजून बैलजोडी आहे," असे ते सांगत होते. त्याआधीचे दोन महिने त्यांना वसुलीचे फोनही येत होते. रोजच्या कटकटीला कंटाळून पाच हजार भरून टाकावेत, अशा विचारात ते होते.

ते पैसे त्यांनी भरले नाहीत, हे फार बरे झाले. पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही; नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, हे आधी पाहतो. थकबाकीची नोटीस किंवा फोन आला तरी तसेच करायचे. आधी नोंद कुठून आली ते शोधायचे. पैसे भरायचे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

देणारा, मागणारा आणि नोंद ठेवणारा

यात तीन वेगवेगळे पक्ष असतात आणि बहुतेक शेतकऱ्यांचा गोंधळ इथेच होतो.

पहिला पक्ष म्हणजे कर्ज देणारी संस्था: बँक, फायनान्स कंपनी किंवा मायक्रोफायनान्स कंपनी. दुसरा पक्ष वसुली एजन्सी. ही एजन्सी कर्ज देणाऱ्या संस्थेने कमिशनवर नेमलेली असते. तिसरा पक्ष पतमाहिती कंपनी. भारतात रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्याला सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण नोंद चारही ठिकाणी असू शकते.

"आम्ही तुमचे सिबिल खराब करू," अशी धमकी वसुलीचा माणूस देतो. प्रत्यक्षात त्याला तो अधिकार नाही. पतमाहिती कंपनीकडे माहिती पाठवते ती कर्ज देणारी संस्था, किंवा तिने ते कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले असेल तर ती कंपनी. आणि पतमाहिती कंपनी आलेली माहिती साठवते. संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय ती स्वतःहून नोंद बदलत नाही. म्हणून फोनवरच्या माणसाशी कितीही भांडलात तरी नोंद हलणार नाही. तक्रार करायची ती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे, दोन्हीकडे एकाच वेळी आणि लेखी.

आधी अहवाल हातात घ्या

बँकेचा अधिकारी तोंडी सांगतो की 'तुमचा स्कोअर कमी आहे'. तेवढ्यावर काहीच करता येत नाही. पूर्ण अहवाल लागतो. चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत अहवालाचा पर्याय शोधावा लागतो. पैसे देऊन घ्यायच्या योजना आधी डोळ्यांसमोर येतात, त्या सोडून पुढे जा. पॅन आणि मोबाईलवरील ओटीपी लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. तो आकडा पाहून घाबरू नका आणि त्यावर तक्रारही करू नका. स्कोअर कसा काढला, यावर वाद घालता येत नाही; वाद घालायचा तो नोंदीवर. नोंद दुरुस्त झाली की स्कोअर आपोआप बदलतो.

अहवालात प्रत्येक कर्जाचा वेगळा तक्ता असतो. तो पुढील क्रमाने तपासा.

सर्वांत आधी वरचा वैयक्तिक तपशील: नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, मोबाईल नंबर. तुम्ही कधीही न राहिलेल्या गावाचा पत्ता किंवा अनोळखी नंबर दिसला, तर दुसऱ्या कोणाची तरी माहिती तुमच्यात मिसळली आहे, असे समजा. आपल्या भागात हे का घडते ते पाहा. एका पट्ट्यात एकाच नाव-आडनावाची चार-पाच माणसे असतात. त्यातच शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिलेल्यांची पिढीच्या पिढी आहे. जुन्या कर्जाला पॅन जोडलेला नसेल, मधले नाव गाळले असेल, आणि दोघांची जन्मतारीख १ जून असेल, तर संगणकाला ती दोन माणसे एकच वाटू शकतात. सांगोल्याच्या शेतकऱ्याच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. पत्त्यांच्या रकान्यात शेजारच्या तालुक्यातील गाव होते.

नंतर खात्याचा प्रकार आणि मालकी पाहा. तुम्ही स्वतः कर्जदार आहात, सहकर्जदार आहात की जामीनदार? जामीनदार असाल तर ती नोंद चुकीची नाही. भावकीतल्या कुणासाठी सही केली, हप्ते त्याने चुकवले, तरी कायद्याने जबाबदारी तुमचीही आहे. सही करताना आपण हे विसरतो.

मग खाते उघडल्याची तारीख, मंजूर रक्कम, शिल्लक, थकीत रक्कम आणि माहिती शेवटची कधी पाठवली ती तारीख. ही शेवटची तारीख महत्त्वाची. तुम्ही मार्चमध्ये कर्ज फेडले आणि माहिती फेब्रुवारीची असेल, तर ती चूक नव्हे, उशीर आहे. १ जानेवारी २०२५ पासून संस्थांनी किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे. त्यामुळे फेडल्यानंतर दोन महिने उलटूनही जुनीच शिल्लक दिसत असेल, तर तक्रारीला जागा आहे.

कोणती नोंद चूक, कोणती खरी?

इथे थोडे स्पष्ट बोलतो, कारण सरसकट प्रत्येक नोंदीवर तक्रार केली की खरी तक्रारही दुर्लक्षित होते.

तुम्ही घेतलेच नाही असे कर्ज. पूर्ण फेडूनही थकीत दिसणारे कर्ज. एकच कर्ज दोनदा दिसणे. भरलेला हप्ता न धरणे. कर्जमुक्ती योजनेत निरंक झालेल्या खात्यावर अजून शिल्लक दिसणे, या सगळ्या चुका आहेत आणि त्या दुरुस्त करून मिळतात. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत किंवा २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत तुमचे खाते बसले असेल, तर त्या वेळचा आधार प्रमाणीकरणाचा कागद आणि बँकेचा निल दाखला शोधून ठेवा.

'सेटल्ड' या शब्दाचे मात्र दोन अर्थ निघतात. तुम्ही मुद्दल-व्याज पूर्ण भरले असताना बँकेने 'सेटल्ड' लिहिले असेल, तर ती चूक आहे. तिथे 'क्लोज्ड' हवे. पण तुम्ही एकरकमी परतफेड योजनेत काही रक्कम सोडवून घेतली असेल, तर 'सेटल्ड' ही नोंद खरी आहे. ती वाद घालून जाणार नाही. सुटलेली रक्कम भरायची तयारी असेल, तर बँकेशी लेखी बोलून नोंद बदलून घेता येते का, ते पाहता येईल. 'रिटन ऑफ' म्हणजे कर्ज माफ झाले असेही समजू नका. बँकेने ते आपल्या हिशेबातून बाजूला काढलेले असते. वसुलीचा हक्क कायम असतो.

वसुलीचा माणूस फोन करतो, दारात येतो

त्याला चार गोष्टी विचारा: कोणत्या संस्थेचे कर्ज, कर्ज खाते क्रमांक काय, कर्ज कधी दिले आणि तुमच्याकडे संस्थेचे अधिकारपत्र व ओळखपत्र आहे का. बँकेने वसुलीचे काम कोणाला दिले, हे कर्जदाराला कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा बजावले आहे. महिला गटांना मिळणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी ही वेळ आणखी कमी, म्हणजे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना फोन करून बदनामी, यातले काहीही चालत नाही. कॉल रेकॉर्ड करा, तारीख-वेळ वहीत लिहा.

तुमची लेखी तक्रार संस्थेकडे प्रलंबित असताना ते प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये, असेही बँकांना सांगितलेले आहे. उगाच वेळकाढूपणासाठी केलेल्या तक्रारी याला अपवाद. लेखी तक्रारीची पोच हातात असण्याचा हा मोठा फायदा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. 'थोडे भरा, प्रकरण मिटवतो' म्हटल्यावर पैसे भरू नका, आणि 'फक्त इथे सही करा' म्हटल्यावर कोणत्याही कागदावर सही करू नका. मुदतीच्या कायद्यात कर्जाची लेखी कबुली आणि अंशतः भरणा या दोन्हींना वजन आहे. मुदत संपण्याआधी असे काही झाले, तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. जे कर्ज तुमचे नाही, ते पाच हजार भरून तुम्ही स्वतःच्या गळ्यात घालून घेता. नंतर 'माझे नव्हतेच' म्हणायला तोंड उरत नाही.

'सातबाऱ्यावर बोजा चढवू' ही धमकी गावात सर्वांत जास्त लागू पडते. तुमचा गहाणखत, करार किंवा सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय वसुली एजन्सीच्या सांगण्यावरून बोजा चढत नाही. फेरफार धरला तर हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. तरीही महिन्यातून एकदा ऑनलाइन सातबाऱ्यावरचे 'इतर अधिकार' बघत चला.

तक्रार अर्ज कसा लिहावा

अर्ज लहान हवा. पावसाने काय झाले, भाव कसा पडला, हे यात नको. त्यामुळे कर्ज तुमचेच होते, असा अर्थ निघतो. साधारण असा लिहा:

> प्रति, शाखा व्यवस्थापक / तक्रार निवारण अधिकारी,
> विषय : माझ्या पतअहवालातील चुकीची नोंद काढून टाकणेबाबत.
>
> महोदय,
> माझ्या दि. ____ च्या पतअहवालात आपल्या संस्थेचे कर्ज खाते क्र. ____ (प्रकार ____) असून त्यावर रु. ____ थकीत दाखवले आहेत. हे कर्ज मी घेतलेले नाही आणि त्यास मी जामीनदारही नाही. ही थकबाकी मला मान्य नाही.
>
> कृपया या कर्जाचा अर्ज, सहीचा करारनामा, केवायसी कागदपत्रे, कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात किंवा विक्रेत्याकडे जमा झाली त्याचा तपशील आणि पूर्ण खातेउतारा यांच्या प्रती द्याव्यात. कर्ज माझे असल्याचा पुरावा नसल्यास ही नोंद चारही पतमाहिती कंपन्यांकडे दुरुस्त करून मला लेखी कळवावे. तोपर्यंत वसुलीची कार्यवाही थांबवावी.
>
> सोबत : पतअहवालाची प्रत, पॅन, आधारची प्रत (क्रमांकाचे शेवटचे चार अंक वगळता बाकीचे झाकलेले).

कर्ज तुमचेच असून फेडलेले असेल, तर दुसऱ्या वाक्यापासून बदल करा: हे कर्ज दि. ____ रोजी पूर्ण फेडले असून पावती व निल दाखला जोडला आहे.

शाखेत अर्ज देताना दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर तारखेसह सही-शिक्क्याची पोच घ्या. शाखा पोच देत नसेल, तर वाद न घालता पोस्टाने पोचपावतीसह पत्र पाठवा. संस्थेच्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचा ईमेल असतो, तिथेही पाठवा. त्याच दिवशी पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नोंदीसमोर वाद नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. कर्ज तुमचे नसेल तर 'मालकीबाबत वाद' हा प्रकार निवडा, आकडा चुकीचा असेल तर 'माहितीतील चूक'.

ट्रॅक्टर किंवा वाहन कर्जाचा वाद असेल तर आणखी एक सोपा पुरावा असतो, तो म्हणजे वाहनाची नोंदणी. संस्थेकडून नोंदणी क्रमांक मागा. आरसीवर मालकाचे नाव आणि कोणाकडे तारण आहे ते लिहिलेले असते. सांगोल्याच्या प्रकरणात आरसीवर नाव तेच होते. मात्र वडिलांचे नाव वेगळे होते. या एका कागदाने निम्मे काम झाले.

तुमच्या नावाची खोटी कागदपत्रे करून कोणी मुद्दाम कर्ज काढले असेल, तर याच्या जोडीला पोलिसांत तक्रार द्या. ऑनलाइन किंवा ॲपवरचे कर्ज असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच नोंद करा.

३० दिवसांचा हिशेब

तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेला, उरलेले पतमाहिती कंपनीला. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दिरंगाई ज्याची, भरपाई त्याने द्यायची. तक्रार निकाली निघाल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत ही रक्कम तुमच्या खात्यात यायला हवी. तुमची मागणी नाकारली, तर त्याचे कारणही त्यांनी सांगितले पाहिजे.

त्या डाळिंब बागायतदाराने १८ नोव्हेंबरला तक्रार दिली. ३० दिवस १८ डिसेंबरला संपले. नोंद निघाली ९ जानेवारीला, म्हणजे २२ दिवस उशिरा. २,२०० रुपये मिळाले, तेही आठवण करून दिल्यावर. रक्कम फार मोठी नाही, पण या नियमाचा उल्लेख दुसऱ्या पत्रात केल्यावरच फाईल हलली, हे मी जवळून पाहिले आहे.

विकास सोसायटीचे कर्ज असेल तर

सोसायटी आणि जिल्हा बँक यांच्या नोंदींत तफावत असण्याचे प्रकार जुने आहेत. शेतकऱ्याने सचिवाकडे पैसे भरले, पावती घेतली, पण बँकेच्या खात्यात ते उशिरा पोहोचले किंवा पोहोचलेच नाहीत. इथे सोसायटीतील तुमच्या खात्याचा उतारा आणि जिल्हा बँकेच्या शाखेतील उतारा, दोन्ही मागून समोरासमोर ठेवा. फरक दिसला तर सोसायटीला लेखी अर्ज करा आणि प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांना द्या. पावतीशिवाय सचिवाच्या हातात रोख देऊ नका, मग तो सख्खा चुलता का असेना.

तरीही दाद लागली नाही तर

संस्थेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार मोफत आहे, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर ती नोंदवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेत आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही. विकास सोसायट्या यात येत नाहीत. आधी संस्थेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर लोकपाल अर्ज परत करतात. म्हणूनच वर पोच घ्यायला सांगितले. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, पण एकाच तक्रारीसाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका.

'सिबिल साफ करून देतो' म्हणून तालुक्याच्या ठिकाणी पाट्या लावून बसलेल्यांना पैसे देऊ नका. ते वेगळे काही करत नाहीत. हाच अर्ज तुमच्या नावाने भरतात, आणि तुमचा पॅन, आधार, ओटीपी मात्र त्यांच्याकडे जातो.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. पीक कर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असे राज्य सरकार बँकांना वारंवार सांगत आले आहे. पण ठिबक, शेडनेट, ट्रॅक्टर, विहीर यांसाठीच्या मुदत कर्जाला बँका अहवाल पाहतातच. अनुदानाच्या बहुतेक योजनांत शेतकऱ्याला आधी खर्च करावा लागतो, नंतर अनुदान येते. तो खर्च कर्जातून करायचा असेल, तर पूर्वसंमतीचा अर्ज भरतानाच त्याला अहवाल काढायला सांगा. चूक निघाली तर दुरुस्तीला दोन महिने धरा. मृगासाठी मार्चमध्ये आणि आंबे बहारासाठी सप्टेंबरमध्ये अहवाल पाहिला, तर हाताशी वेळ राहतो.

दुरुस्तीचे पत्र आले की काम संपले असे समजू नका. पंधरा-वीस दिवसांनी चारही कंपन्यांचे अहवाल पुन्हा काढा, कारण एका ठिकाणी नोंद निघते आणि दुसरीकडे तशीच राहते. सांगोल्याला तसेच झाले. तीन ठिकाणी नोंद निघाली, चौथ्या ठिकाणी पुन्हा अर्ज करावा लागला. ठिबकचे कर्ज फेब्रुवारीअखेर मंजूर झाले. तोपर्यंत आंबे बहार हातचा गेला होता. त्यांनी नळ्या बदलून घेतल्या, बागेला विश्रांती दिली आणि मृग बहार धरला.